सातपूर ते इंदिरानगर व्हाया मुंबई: लोकल डेटा मोजावा का?

प्रश्न असा आला आहे: सातपूर एमआयडीसीत वडिलांचं वर्कशॉप आहे आणि घर इंदिरानगरला. दोन्ही ठिकाणी एकाच स्थानिक ऑपरेटरचं फायबर आहे. वर्कशॉपमधल्या चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसरात्र घरच्या रेकॉर्डरवर होतं. घरच्या प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आहे आणि ती महिना संपायच्या आधीच संपते. पुढचे दिवस स्पीड इतका पडतो की मुलांचे ऑनलाइन क्लासही नीट चालत नाहीत. "हा डेटा नाशिकच्या बाहेर जातच नाही, मग तो मोजतात कशाला? लोकल ट्रॅफिक सगळ्यांनाच अनलिमिटेड का नसावं?"

नाशिकमध्ये नेटवर्कचं काम करताना हा प्रश्न मला बऱ्याच कारखानदारांनी, डॉक्टरांनी आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी विचारलेला आहे. माझं मत आधीच सांगतो. मागणी रास्त आहे. एकाच शहरातल्या दोन ग्राहकांमधला डेटा जीबीवर मोजण्याला खर्चाचा आधार नाही. पण 'लोकल' कशाला म्हणायचं हे नीट ठरवलं नाही, तर ही सूट तुमच्या वर्कशॉपपर्यंत पोचणार नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांच्याच पदरात पडेल. म्हणून थोडं खोलात जाऊन लिहितो.

आधी तुमचा हिशेब. एक एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटचा, प्रवाह महिनाभर अखंड चालला तर साधारण ३२४ जीबी होतात. हा आकडा पाठ करून ठेवा, ऑपरेटरशी बोलताना उपयोगी पडतो. चांगल्या प्रतीचा कॅमेरा एच.२६५ मध्येही, म्हणजे व्हिडिओ बराच दाबून पाठवला तरी, दोनेक एमबीपीएस घेतो. चार कॅमेऱ्यांचे आठ एमबीपीएस, म्हणजे महिन्याला २५९२ जीबी. उरले सातशे. एचडी व्हिडिओ तासाला तीन जीबीपर्यंत खातो. घरात दोन टीव्ही आणि चार मोबाईल असले की सातशे जीबी संपायला वेळ लागत नाही. तुमच्या मीटरमध्ये गडबड नाही, आकडा बरोबरच येतोय.

गडबड मोजण्याच्या पद्धतीत आहे. तुमचा राउटर चालू झाला की युजरनेम-पासवर्ड देऊन एक पीपीपीओई सेशन, म्हणजे ऑपरेटरशी लॉगिन केलेली जोडणी, उघडतो. ऑपरेटरकडचा हिशेब ठेवणारा रेडियस सर्व्हर त्या सेशनमधून किती बाइट गेले आणि किती आले एवढंच लिहून ठेवतो. बाइट कुठून आला आणि कुठे गेला हे त्याच्या नोंदीत नसतंच. आता तुमच्या बाबतीत बघा. कॅमेऱ्याचा एक बाइट वर्कशॉपच्या सेशनमधून अपलोड म्हणून निघाला, तिथे मोजला. तोच बाइट घरच्या सेशनमध्ये डाउनलोड म्हणून उतरला, तिथे पुन्हा मोजला. ऑपरेटर अपलोड आणि डाउनलोड दोन्ही धरत असेल, आणि बरेच जण धरतात, तर एकाच बाइटसाठी तुमच्या दोन्ही कनेक्शनची मर्यादा खर्च होते. वर्कशॉपच्या खात्याचा वापरही एकदा उघडून बघा, तिथेही तेवढेच जीबी दिसतील.

आता "नाशिकच्या बाहेर जातच नाही" हे म्हणणं. हे तपासून घ्यावं लागेल, कारण बहुतेक वेळा तो जातो.

शहरातले पुष्कळ लहान ऑपरेटर हे मोठ्या आयएसपीचे (इंटरनेट कंपनीचे) फ्रँचायझी असतात. खांबावरची केबल, ओएलटी (घराघरांचे फायबर जिथे येतात ते ऑपरेटरचं यंत्र) आणि एका फायबरचे अनेक फाटे करणारा गल्लीतला स्प्लिटर त्यांचा, पण तुमचं पीपीपीओई सेशन ज्या यंत्रावर संपतं तो बीएनजी मुंबईत किंवा पुण्यात असतो. मग इंदिरानगरहून निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या ओएलटीवर येतं, तिथून इगतपुरी, कसारा घाट उतरून मुंबईला जातं, तिथल्या बीएनजीला विचारतं, आणि त्याच घाटाने वर चढून सातपूरला पोचतं. आठ किलोमीटरवर असलेल्या वर्कशॉपसाठी चारशे किलोमीटरची फेरी.

हे घरबसल्या ओळखता येतं. दोन्ही टोकांना बाहेरून पोचता येईल असा पत्ता असेल तर घरच्या कॉम्प्युटरवरून वर्कशॉपला पिंग करा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळेल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दोनशे किलोमीटरला एक मिलिसेकंद. मुंबईला जाऊन सातपूर आणि उत्तर परत त्याच वाटेने, यात नुसत्या अंतराचेच चार मिलिसेकंद गेले. वर दोन्हीकडच्या जीपॉनचा (एका फायबरवर अनेक घरं जोडणाऱ्या यंत्रणेचा) आणि मधल्या राउटरांचा वेळ. पिंग दोन-तीन मिलिसेकंद आला तर तुमचा डेटा खरोखर नाशिकमध्ये राहतोय. आठ-दहा किंवा जास्त आला तर घाट उतरून आलाय असं समजा. कॅमेऱ्याच्या कंपनीचं मोबाईल ॲप वापरत असाल तर आणखी वेगळीच वाट असू शकते. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असली (यात अनेक ग्राहक मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात), म्हणजे राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असला, तर दोघांनाही थेट जोडणं अवघड जातं. अशा वेळी कंपनीचा सर्व्हर मध्ये पडतो आणि तुमच्या वर्कशॉपचं चित्र त्या सर्व्हरपर्यंत जाऊन घरी येतं. तो सर्व्हर परदेशात असला तर तुमचं 'लोकल' समुद्र ओलांडून आलेलं असतं.

म्हणून मी ऑपरेटरांना नेहमी म्हणतो की लोकल फुकट करायच्या आधी ते लोकल तरी करा. मुंबईच्या बीएनजीवरून फिरून येणारा बाइट त्यांच्या मुंबई-नाशिक लिंकवर दोनदा भाडं लावतो. तो मोजू नका म्हणायला त्यांना जड जातं, आणि हे जड जाणं खोटं नसतं.

पण मग खर्च नेमका कशाचा आहे? ओएलटी, फायबर, घरातला ओएनयू (फायबर येतो तो डबा), खांबांचं भाडं, यूपीएसच्या बॅटऱ्या, तुटलेले फायबर जोडणारी पोरं. तुम्ही ३०० जीबी वापरा नाहीतर ३००० जीबी, यातलं काहीच बदलत नाही. बदलतो तो वरचा बँडविड्थचा खर्च, आणि तो जीबीवर विकला जात नाही, एमबीपीएसवर विकला जातो. ऑपरेटर दहा जीबीपीएसची लिंक घेतो ती रात्री नऊ ते अकराच्या गर्दीला पुरावी म्हणून. आयपीएलच्या मॅचच्या रात्री ती तुंबली तर फोन सुरू होतात. पहाटे तीन वाजता तीच लिंक मोकळी पडलेली असते, आणि तेव्हा कोणी दोनशे जीबी ओढले तरी ऑपरेटरच्या बिलात एक रुपया वाढत नाही.

अंबड-सातपूरच्या कारखानदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. महावितरणच्या औद्योगिक दरात दिवसाच्या वेळेप्रमाणे फरक असतो हे ते बिलावरच बघतात. विजेचा ताण ज्या तासाला येतो त्या तासाला दर वेगळा. इंटरनेटमध्येही ताण तासाचाच आहे, आणि आपण मोजतो मात्र महिन्याची बेरीज. या बेरजेत पहाटेचा बॅकअप आणि रात्री दहाचा फोर-के सिनेमा सारखेच दिसतात. मर्यादेबद्दल माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

अपलोडचं तर त्याहून विचित्र आहे. घराघरांना सेवा देणाऱ्या ऑपरेटरची लिंक दोन्ही दिशांना सारख्याच क्षमतेची असते. लोक ओढतात जास्त, पाठवतात फारच कमी. त्यामुळे येणारी बाजू भरलेली आणि जाणारी बाजू चोवीस तास जवळजवळ रिकामी. तुमच्या वर्कशॉपचे आठ एमबीपीएस या रिकाम्या बाजूने जातात. गल्लीतल्या जीपॉन पोर्टवर मात्र अपलोड जपून वापरावं लागतं. खाली येणारे अडीच जीबीपीएस आणि वर जाणारे सव्वा जीबीपीएस बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. तरी आठ एमबीपीएसने तिथे कोणाचं काही अडत नाही. पोर्टवरच्या सगळ्याच घरांनी एकदम कॅमेरे लावले तर विचार करावा लागेल, पण तेव्हाही उपाय पोर्ट वाढवण्याचा असेल, जीबी मोजण्याचा नसेल.

आपल्याकडे हे मोजणं आलं कुठून? २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड घरोघरी आलं तेव्हा प्लॅन काहीशे एमबी ते एखाद-दोन जीबीचे असायचे, आणि त्यावर गेलं की एमबीवर पैसे. पण त्यातल्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड असायचं. कॉलेज रोडवरची कितीतरी मुलं दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करायची. परदेशी बँडविड्थ तेव्हा महाग होती, आणि रात्रीची मोकळीक हा खर्चाला धरून केलेला नियम होता. पुढे एफयूपी आलं, म्हणजे पैसे नाहीत पण स्पीड कमी. मर्यादेनंतरचा स्पीड किमान किती असावा हे ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, ठरवून द्यावं लागलं, आणि २०१६ मध्ये ती रेघ ५१२ केबीपीएसवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि मोबाईल डेटाचे भाव कोसळले. २०२० मध्ये घरच्या फायबरचे 'अनलिमिटेड' प्लॅन आले, पण आत बारीक अक्षरांत ३३०० जीबी होतेच. तुमचा आकडा तिथूनच आलाय. सरासरी काढली तर तो महिनाभर अखंड दहा एमबीपीएस एवढा होतो, म्हणजे साध्या घराला पुष्कळ आहे. ही मर्यादा घरगुती कनेक्शनवर धंदा करणाऱ्यांना अडवायला ठेवलेली आहे, आणि तुमचे कॅमेरे नेमके त्या चाळणीत अडकले आहेत.

लोकल वेगळं आणि परदेशी वेगळं मोजण्याचा प्रयोग इतर देशांनी करून झालाय. दक्षिण आफ्रिकेत टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या (एडीएसएल) काळात फक्त देशांतर्गत चालणारी स्वस्त खाती मिळायची, कारण बाहेर जाणारी समुद्री केबल महाग होती. आइसलँडमध्ये कंपन्या परदेशी डाउनलोडच मोजायच्या, देशातलं मोजत नसत. ऑस्ट्रेलियात पर्थच्या स्थानिक एक्स्चेंजवरून, म्हणजे आयएसपी एकमेकांना जोडतात त्या ठिकाणावरून, येणारा डेटा काही आयएसपी मोजत नसत. पहिल्या दोन ठिकाणी समुद्रापलीकडचं अंतर हाच खर्च होता, म्हणून तिथे रेघ देशाच्या सीमेवर ओढली गेली. नाशिकची गोष्ट वेगळी आहे. आज आपण बघतो तो बहुतेक व्हिडिओ परदेशातून येतच नाही. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा यांचे कॅश सर्व्हर (जास्त बघितल्या जाणाऱ्या व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे) मुंबईत असतात, आणि मोठ्या आयएसपीच्या तर स्वतःच्या रॅकमध्ये बसवलेले असतात. आपली खर्चाची रेघ समुद्रावर नाही, कसारा घाटात आहे.

आणि इथेच मला काळजी वाटते. ऑपरेटरने "आमच्या नेटवर्कच्या आतलं सगळं फुकट" असं जाहीर केलं तर आत काय असतं? यूट्यूबचा कॅश, नेटफ्लिक्सचा कॅश. या कंपन्या पुरेसं ट्रॅफिक असलेल्या आयएसपीकडेच हे सर्व्हर ठेवतात. नाशिकच्या एखाद्या मास्तरांनी स्वतःच्या वेबसाइटवर ठेवलेले दहावीचे धडे मात्र बाहेरून येणार, म्हणून मोजले जाणार. लोकलच्या नावाखाली जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या फुकट आणि आपला माणूस मीटरवर. अमेरिकेत २०१२ मध्ये हेच झालं. कॉमकास्ट या केबल आणि इंटरनेट कंपनीने ग्राहकांना २५० जीबीची मर्यादा घातली होती, पण एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावरून बघितलेला स्वतःचा व्हिडिओ त्यात धरला नाही. तो आमच्या खाजगी नेटवर्कवरून जातो, असं कारण दिलं. नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी उघड तक्रार केली. त्यांची तक्रार मला पटते. मर्यादा सगळ्यांना आणि सूट घरच्याला, ही स्पर्धा नव्हे.

आपल्याकडे हा वाद २०१५ मध्ये एअरटेल झिरो आणि फेसबुकच्या फ्री बेसिक्स या निवडक ॲप आणि साइट फुकट देणाऱ्या योजनांवरून पेटला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला: मजकूर बघून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही. या नियमात 'मजकूर' या शब्दात डेटा कोणत्या टोकाहून कोणत्या टोकाला जातो ही माहितीही धरलेली आहे. म्हणजे इंटरनेटवरच्या अमुक ठिकाणचा डेटा फुकट आणि तमुक ठिकाणचा मोजून, असं चालत नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. लहान ऑपरेटरला तो परवडणारा नाही. तुमच्या कामाचा अपवाद असा: जो डेटा इंटरनेटवर जातही नाही आणि तिथून येतही नाही, अशा बंद जाळ्याला हा नियम लागू नाही. फक्त तो बंदपणा नियम चुकवण्यासाठी केलेला नसावा.

मला हा नियम योग्य वाटतो, आणि त्याच्या चौकटीत राहून नाशिकमध्ये बरंच करता येतं.

पहिली गोष्ट, एकाच ऑपरेटरच्या दोन ग्राहकांना जोडणारी खाजगी लिंक. ओएलटीवर दोन्ही ओएनयूंना एक वेगळा व्हीएलॅन, म्हणजे त्याच तारेवरची स्वतंत्र वाट, दिला की वर्कशॉप आणि घर जणू एकाच इमारतीतल्या नेटवर्कवर येतात. हा डेटा पीपीपीओईमध्ये शिरतच नाही, त्यामुळे रेडियसला दिसत नाही, मुंबईला जात नाही आणि सीजीनॅटची कटकटही उरत नाही. दोन्ही ओएनयू एकाच ओएलटीवर असले तर काम काही मिनिटांचं. वेगळ्या ओएलटींवर असले तर मधल्या स्विचवरून तो व्हीएलॅन ओढून न्यावा लागतो. कारखान्यांसाठी ऑपरेटर हे करतातच, त्याला पॉइंट टू पॉइंट म्हणतात आणि जास्त पैसे लावतात. माझं म्हणणं असं की साध्या ग्राहकालाही हे माफक ठराविक दरात, जीबी न मोजता मिळालं पाहिजे. एक्स-रे पाठवणारं डायग्नोस्टिक सेंटर आणि ते बघणारे डॉक्टर, सीएचं ऑफिस आणि घर, शाळेच्या दोन इमारती, या सगळ्यांना हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट, बीएनजी नाशिकमध्ये आणणं. मोठ्या आयएसपींनी हजारो ग्राहकांच्या शहराला मुंबईच्या यंत्रावर लटकवून ठेवू नये. दहा-वीस हजार ग्राहक झाले की इथे बीएनजी ठेवणं परवडतं, कारण घाटातली लिंक तेवढी मोकळी होते.

तिसरी गोष्ट अवघड आहे: वेगवेगळ्या ऑपरेटरांनी नाशिकमध्येच एकमेकांना जोडणं. देशात निक्सी, म्हणजे आयएसपींना एकमेकांशी जोडणारं राष्ट्रीय एक्स्चेंज, २००३ मध्ये सुरू झालं ते देशातला डेटा देशात राहावा म्हणूनच. पण सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे जो डेटा ओढतो त्याने पैसे द्यायचे असा हिशेब होता. घरगुती ग्राहकांचे लहान आयएसपी ओढणारेच, त्यांना त्यात गोडी वाटली नाही. आज मुंबईत एकापेक्षा जास्त एक्स्चेंज आहेत, म्हणून आपले ऑपरेटर तिथे जाऊन भेटतात. परिणाम असा, की पंचवटीतला एका कंपनीचा ग्राहक आणि नाशिकरोडचा दुसऱ्या कंपनीचा ग्राहक मुंबईत हात मिळवतात. इथे एक स्विच, दोन-चार फायबर आणि थोडं बीजीपी (नेटवर्क एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत), एवढ्यावर जोडणी उभी राहते. यंत्राचा खर्च अडसर नाही. फ्रँचायझीकडे स्वतःचा एएस नंबर, म्हणजे स्वतंत्र नेटवर्कची ओळख, नसतो आणि एकाच खांबावर ज्याच्याशी भांडण त्याच्यावर विश्वास नसतो, हे दोन अडसर आहेत. एएस नंबर भारतात आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो, तो घ्यायला पाहिजे. विश्वासाचं काम ऑपरेटरांच्या संघटनेने करायला पाहिजे.

या जोडणीवरून येणाऱ्या डेटाला वेगळा दर लावता येणार नाही, कारण तो इंटरनेटच. पण लावायची गरजही नाही. मुंबईच्या लिंकवरचा भार जेवढा उतरेल तेवढी मर्यादा सगळ्यांसाठी, सगळ्या डेटासाठी वाढवता येईल. आणि पैशापलीकडचं एक कारण आहे. घाटात केबल तुटली की आज अर्धं शहर आंधळं होतं. इंदिरानगरहून सातपूरचा कॅमेरासुद्धा दिसत नाही, जरी दोन्हींमधली शहरातली तार शाबूत असली तरी. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले जातायत, आणि पर्वणीच्या गर्दीत गोदाघाटावरचं चित्र शहरातल्या शहरात पोचायला मुंबईवर अवलंबून राहावं लागलं तर ते धोक्याचं आहे. मी हे प्रत्येक बैठकीत मांडतो, आणि मांडत राहणार आहे.

तुमच्यासाठी आत्ताचं काम सांगतो. रेकॉर्डर घरून उचलून वर्कशॉपमध्ये ठेवा, म्हणजे चोवीस तासांचं रेकॉर्डिंग तिथल्या तिथे होईल आणि फायबरवर काही जाणार नाही. चोरीची भीती असेल तर रेकॉर्डर कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवा, आणि फक्त हालचाल टिपलेले तुकडे रात्री एक ते पाचमध्ये घरच्या डिस्कवर उतरवा. दिवसा मोबाईलवर बघायला कॅमेऱ्याचा सबस्ट्रीम, म्हणजे कमी प्रतीचा दुसरा प्रवाह, निवडा, तो अर्ध्या एमबीपीएसमध्ये भागतो. एवढ्यानेच तुमचे २५९२ जीबी काही शेकड्यांवर येतील. चोवीस तासांचं रेकॉर्डिंग घरीच हवं असेल तर ऑपरेटरला तीन प्रश्न विचारा: आमचं पीपीपीओई कुठल्या शहरात संपतं, अपलोड मोजता का, आणि दोन्ही ओएनयूंना एक व्हीएलॅन द्यायचे महिन्याला किती घ्याल. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. दर पटला नाही तर तुमच्याच गाळ्यांच्या रांगेतले आणखी चार-पाच जण गोळा करून पुन्हा जा. त्यांच्याही घरांना कॅमेरे जोडलेले असणारच, आणि पाच ग्राहक एकदम आले की ऑपरेटर दर खाली आणतो.